रूप बदलणाऱ्या माणसांच्या लोककथेवरून प्रेमकथा लिहायची आहे, नागीण सोडून आपल्याकडे काही आहे का?

हाय ना, बरंच हाय. नागिणीचा टीव्हीवाल्यांनी पार चोथा केला, तिला राहू द्या. मी ताडोबाच्या बाजूच्या गावात राहतो, रात्री जागलीला गेलो की मोबाईलवर कथा लिहीत बसतो, तर मी म्हणीन वाघ घ्या.

पण इंग्रजी कादंबऱ्यांतल्या लांडगा होणाऱ्या माणसासारखा पिळदार अंगाचा रागीट हीरो नका करू बावा. आमच्याकडं तारू नावाचा गोंड मुखिया वाघाशी झुंजताना मेला अन् देव झाला, त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडलं म्हणतात, तळ्याकाठी त्याचं ठाणं हाय. अन् आजही उन्हाळ्याच्या तोंडावर बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात, वाकून वेचत असतात, तेव्हाच वाघाचे हल्ले होतात. ही भीती कथेत पाहिजेच, नाहीतर इथला वाचक दोन पानांत फोन ठेवून देईल. (मेळघाटात नेऊ नका, तिथं कोरकू लोक वाघाला कुला मामा म्हणतात, नायिकाच मामा म्हणाली तर रोमान्स संपला.)

आता मुख्य माल. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन साहेब, त्याच्या 1844 च्या पुस्तकात सागर-जबलपूरकडं ऐकलेला किस्सा हाय. एक मुळी खाल्ली की माणूस वाघ होतो अन् दुसरीनं परत माणूस. बायको हट्ट धरते, मला बघायचंच हाय, मग तो उताऱ्याची मुळी तिच्या हातात देतो अन् पहिली खातो, समोर वाघ दिसल्यावर ती इतकी घाबरते की मुळी हातात धरूनच पळत सुटते, नवरा जन्माचा वाघ होऊन रानात जातो अन् ओळखीच्या लोकांनाच खातो. साहेबानं गंमत म्हणून लिहिलं, मले तर रात्रभर झोप नाही लागली.

बाकीच्या गोष्टी ताडून बघा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांवरची सेल्की, म्हणजे सील नावाच्या समुद्री प्राण्याची बाई होते ती, तिची कातडी माणूस लपवतो अन् लग्न लावतो, ही तर सरळ चोरी झाली, त्यात प्रेम कुठून आणणार? आपली उर्वशी पुरूरव्याला अट घालते की मला नागडा दिसायचा नाहीस, गंधर्व डाव करून ती मोडायला लावतात, शतपथ ब्राह्मणात ती नंतर तळ्यात पाणपक्षी होऊन पोहताना सापडते. म्हणजे कोणी चोरतो, कोणी डाव करतो. वाघाच्या गोष्टीत तसं कोणीच वाईट नाही. ती नुसती घाबरली, अन् कोण नाही घाबरणार?

म्हणून तुमची कथा ती पळाली तिथून सुरू करा. मुळी तिच्याजवळ, नवरा रानात, त्यानं गावातला कोणी मारला तर लोक बोट तिच्याकडं दाखवणार. ती मोहाच्या दिवसांत टोपलीत मुळी घेऊन जाते, तो दिसतो, पण तिला ओळखतो का नाही हे शेवटपर्यंत सांगू नका. भेटी दोन-तीनच ठेवा, अन् दरवेळी थोडं जवळ येऊ द्या.

शेवट गोड करायचा तर खुशाल करा, मले आवडतो. फक्त ज्याला त्यानं मारलं त्याच्या घरचं एक माणूस कथेत ठेवा, अन् तो परत आल्यावर पहिली गाठ त्याच माणसाशी घाला.