मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात लाल होतात, खाजतात. मागच्या वर्षी मेडिकलमधून आणलेले थेंब पुन्हा घालू का? हे कायमचं जाईल का?

नऊ वर्षांचा मुलगा, तिसरा उन्हाळा, आणि थेंबांनी डोळे 'दोन दिवसांत पांढरेशुभ्र', असं तुम्ही लिहिलंय. ते 'दोन दिवसांत' वाचलं आणि लिहायला बसलो.

आधी खोका शोधा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. पुष्कळदा ते मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत असतं, म्हणून काउंटरवर 'इन्फेक्शनचे थेंब' म्हणून खपतं. पहिल्या उन्हाळ्यात एक बाटली, पुढच्या उन्हाळ्यात तीन, मग खाज सुटली की थेंब. डोळे स्वच्छ दिसतात, घरचे खूश. डोळ्याच्या आत दाब चढत असतो. दुखत नाही, नजर कडेकडेने जाते, पोराला कळतही नाही. मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन तरी आहे. काचबिंदूने, म्हणजे या दाबाने गेलेली नजर परत येत नाही.

आणि कृपा करून 'उष्णतेचे डोळे' म्हणू नका. या शब्दाने फार नुकसान केलंय, कारण उष्णता म्हटलं की गुलाबपाणी, तूप, मध सुरू होतं. प्रचंड खाज, ओढली की तार येणारी पांढरी चिकट घाण, उजेड न सोसणं, वय पाच ते पंधरा, त्यात मुलगा: ही बहुधा व्हर्नल अ‍ॅलर्जी, म्हणजे ठरावीक ऋतूत उठणारी डोळ्यांची अ‍ॅलर्जी. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीकडे डोळ्यांची साथ आली, ती संसर्गाची. ही अ‍ॅलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. शाळेने घरी पाठवलं तर डॉक्टरांची चिठ्ठी द्या.

चोळण्यावरून ओरडून उपयोग नाही, खाज थांबवा. चोळून चोळून बुबुळ पातळ होतं, शंकूसारखं पुढे येतं आणि सिलिंडरचा नंबर वाढत जातो. स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर पाच मिनिटं. डॉक्टर बहुधा ओलोपॅटाडीन हे अ‍ॅलर्जीचे थेंब देतील, ०.१ टक्क्याचं असेल तर दिवसातून दोनदा. क्रोमोग्लायकेट हे दुसरं अ‍ॅलर्जीचं औषध दिलं तर गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, लोक तिसऱ्या दिवशीच सोडतात. थेंब एकच, दुसऱ्याला डोळ्यात जागा नसते, तो गालावर येतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. उघडलेली बाटली महिन्याने टाका. फ्रिजच्या दारातली मागच्या वर्षीची तर आजच.

स्टेरॉइड विष नाही, हेही सांगतो. या अ‍ॅलर्जीनेच बुबुळावर जखम झाली तर डॉक्टरांच्या हातात तेच नजर वाचवतं, पण मोजून, कमी करत आणि दाब तपासत. वारंवार लागत असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधांबद्दल विचारा.

कायमचं म्हणाल तर बहुतेक मुलांचं वयात येताना ओसरतं. तोवर डोळे टिकवायचे. या आठवड्यात दाब तपासून घ्या, आणि जाताना तो खोका न्या, रिकामा असला तरी.