आबा काय लिहायचे

प्रिय ईशान,

गेल्या रविवारी तू आबांशी व्हिडिओवर बोलत होतास तेव्हा त्यांच्यामागे टीव्हीवर नागपूरच्या अधिवेशनाच्या बातम्या लागल्या होत्या. कुणी कागद भिरकावत होतं, काही आमदार अध्यक्षांच्या आसनापुढे येऊन घोषणा देत होते आणि अध्यक्ष उभे राहून ‘खाली बसा, खाली बसा’ म्हणत होते. फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, “आपली मराठी माणसं अशीच बोलतात का? आणि आबांनी नोकरीभर हेच लिहिलं? लोकांची भांडणं?”

त्या वेळी मी ‘आधी जेवायला चल’ म्हणालो. पण तो प्रश्न मला लागला. तुझा राग आला नाही. दहा वर्षांच्या मुलाला जे दिसलं ते त्याने विचारलं. लागला, कारण आबांचं काम मी लहानपणी फार जवळून पाहिलंय आणि आजही ते मला मोठं वाटतं. म्हणून हे पत्र. आईकडून वाचून घे, नाहीतर हळूहळू स्वतः वाच, घाई नाही.

आबा विधानमंडळ सचिवालयात मराठी प्रतिवेदक होते. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपून घ्यायचं आणि बाहेर येऊन पूर्ण मराठीत उतरवायचं, हे त्यांचं काम. नोकरीसाठी त्यांनी मिनिटाला १२० शब्दांची परीक्षा दिली होती. पण एखादा आमदार तावातावाने बोलायला लागला की १२० कुठल्या कुठे मागे पडायचे. एका माणसाने फार वेळ लिहिणं शक्यच नसतं, म्हणून थोड्या थोड्या मिनिटांनी प्रतिवेदक बदलतो. पहिला उठायच्या आत दुसरा शेजारी येऊन बसलेला असतो, मध्ये एक शब्दही सुटता कामा नये. आपला भाग संपला की कागदाच्या खाली ‘यानंतर श्री. अमुक’ असं लिहायचं. मला लहानपणी वाटायचं की हे सगळे काका मिळून एकच खूप लांब गोष्ट लिहितायत.

आम्ही तेव्हा वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत राहायचो. अधिवेशन जवळ आलं की घरात दोन गोष्टी सुरू व्हायच्या. एक म्हणजे पेन्सिली. आबा रात्री जेवण झाल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि प्रत्येक पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासायचे. एक टोक मोडलं तर पेन्सिल बोटांत नुसती फिरवायची, हात थांबवायचा नाही. त्या पेन्सिलींना मला हात लावायची परवानगी नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे सराव. मी अग्रलेख मोठ्याने वाचायचा, आबांनी लिहायचा आणि माईने घड्याळ धरायचं. ‘आणखी भरभर वाच’ असं आबा म्हणायचे. मग मी श्वास न घेता वाचायचो, माई हसायला लागायची, आबा हसत नसत. माझं मराठी वाचन झालं ते असं. तुझ्याकडून मी मराठी वाचून घेतो तेव्हा तुला कधीकधी जाच वाटतो, ते मला दिसतं. पण माझ्यासाठी मराठी वाचणं म्हणजे आबांच्या पेन्सिलीचा आवाज, आणि तो आवाज तुझ्यापर्यंत कसा पोचवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सातवीत असताना मला गॅलरीचा पास मिळाला. नरिमन पॉइंटचं विधानभवन, जे १९८१ मध्ये सुरू झालं. आबा नोकरीला लागले तेव्हा विधानसभा रिगल सिनेमाजवळच्या जुन्या इमारतीत भरायची, पण मी पाहिलं ते हे नवंच. पावसाळी अधिवेशन होतं, माझे कॅनव्हासचे बूट ओले होते आणि शिपाईमामांनी मला पाय हलवायचे नाहीत असं बजावलं होतं. खाली मधोमध, अध्यक्षांच्या समोरच्या टेबलाशी आबा मान खाली घालून बसले होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. काही वेळाने विरोधी बाकांवरचे आमदार उठले, पुढे आले आणि त्या टेबलाभोवतीच घोषणा द्यायला लागले. एकाचा हात तर आबांच्या वहीवर टेकला होता. आबांनी वही थोडी सरकवली आणि लिहीत राहिले.

संध्याकाळी मी विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटली?” ते म्हणाले, “ऐकत असताना भ्यायला सवड नसते.” त्या गोंधळाचं त्यांनी काय लिहिलं तेही मी विचारलं. कंसात एकच शब्द: (गोंधळ). त्यापुढे, बैठक किती वाजेपर्यंत तहकूब झाली तेवढं.

म्हणजे तू टीव्हीवर जे पाहिलंस ते कागदावर एका कंसात मावतं, ईशान. बाकीची शेकडो पानं दुसऱ्याच गोष्टींची असतात.

दिवसाची सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासाने होते. आमदारांनी आधी लेखी दिलेले तारांकित प्रश्न, त्यांना मंत्र्यांचं छापील उत्तर, आणि त्यावर सभागृहात उभं राहून विचारलेले उपप्रश्न. मग लक्षवेधी सूचना, विधेयकं, पुरवणी मागण्या. आबा कधीकधी छापलेल्या प्रश्नांच्या जुन्या याद्या घरी आणायचे आणि मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर गणितं करायचो. गणितं कंटाळवाणी झाली की पान उलटून प्रश्न वाचायचो. सगळे एकाच चालीचे. अमुक तालुक्यातल्या अमुक नाल्यावरचा पूल वाहून गेला, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची दुरुस्ती करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर: हे खरे आहे. किंवा: हे अंशतः खरे आहे. किंवा: प्रश्न उद्भवत नाही.

आता कळलं ना, आपल्या घरात हे कुठून आलं? तू आईस्क्रीमचा डबा संपवलास का असं विचारल्यावर तुझी आत्या फोनवरून ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणायला शिकवते, ते तिथून. माई तर दूध उतू गेलं की अजूनही आबांना विलंबाची कारणे विचारते.

त्या पानांवरच मी महाराष्ट्र शिकलो. शाळेच्या भूगोलात जिल्ह्यांची नावं होती, पण कुठल्या गावच्या आश्रमशाळेचं छत गळतं, कुठे टँकर तीन दिवसांनी येतो, कुठल्या धरणग्रस्तांना अजून जमीन मिळालेली नाही, हे मला त्या याद्यांनी सांगितलं. विधानसभेत २८८ आमदार, आणि त्यातल्या कुणीतरी त्या नाल्याचं नाव मुंबईत आणून मंत्र्यासमोर ठेवलं होतं. मंत्री कितीही मोठा असो, त्याला उठून ‘खरे आहे’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं आणि आबा ते लिहून ठेवतात. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

माईची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती सांगोला तालुक्यातल्या आपल्या गावी होती, शाळा सोडून तिच्या आईबरोबर खडी फोडायला जायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी या दोन गोष्टींची नावं काढली की ती अजून तोंड फिरवते. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. खेड्यातला माणूस काम मागायला आला तर ते देणं सरकारला बंधनकारक असावं, हा विचार त्यांनी लावून धरला. त्यातून रोजगार हमी योजना आली आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी तिचा कायदा केला. पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आबांच्या पगारपत्रकात दर महिन्याला तो कापलेला असायचा. माई त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायची, “हे आमच्या गावाला गेले.” पुढे २००५ मध्ये दिल्लीने सगळ्या देशासाठी तसा कायदा केला, पण आपल्याकडे तो त्याच्या किती आधी झाला होता! जिथे आरडाओरडा होतो तिथेच हेही झालं.

तरीही तुझा प्रश्न मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही, आणि तसं दाखवायचंही नाही. बैठक तहकूब होते तेव्हा त्या दिवसाच्या यादीतले प्रश्न तसेच राहतात. त्यांची छापील उत्तरं तेवढी पटलावर जातात. उलटून विचारायची संधी गेली ती गेली. नाल्यावरच्या पुलाला वर्षभरात कदाचित ती एकच संधी असते. कुणी अध्यक्षांपुढचा राजदंड उचलून पळतो, त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतो आणि पूल कुठेच येत नाही. आबांना याचा राग यायचा. घरी ते कुठल्याही पक्षाबद्दल एक अक्षर बोलत नसत, नोकरीची शिस्तच होती ती, पण वाया गेलेल्या दिवशी घरी आले की टीव्ही लावू देत नसत.

हिवाळ्यात आबा नागपूरला जायचे. विदर्भाने महाराष्ट्रात यायचं ठरलं ते १९५३ च्या नागपूर कराराने, आणि त्या करारातलंच वचन म्हणून दरवर्षी एक अधिवेशन तिथे भरतं. सगळं सचिवालय कपाटांसकट उठून जातं. आबा आणि त्यांचे सहकारी सिव्हिल लाइन्समधल्या १६० खोल्यांच्या गाळ्यांत राहायचे. येताना संत्र्यांची पेटी आणि संत्रा बर्फी यायची. घरात आम्हा मुलांना डिसेंबर म्हणजे आबा नाहीत आणि मग संत्री आहेत असंच वाटायचं.

१९९४ मध्ये ते नोव्हेंबरातच गेले होते. २३ नोव्हेंबरला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या, एवढं सांगायला गावागावांतून आलेली गुराख्यांची कुटुंबं होती ती. पोलिसांनी मोर्चा अडवला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बायका आणि मुलंच जास्त. मी तेव्हा कॉलेजात होतो. आबा परत आल्यावर मी त्यांना बरंच काही विचारलं, थोडं चिडूनच. ते एवढंच म्हणाले, “आम्ही आत होतो. बाहेरचं आम्हाला लिहायचं नसतं.”

त्या वाक्यावर मी अनेक वर्षं विचार केला आहे. आतला प्रत्येक शब्द जपून ठेवायचा आणि काही अंतरावर रस्त्यावर माणसं जीव सोडत असताना त्यांचं म्हणणं त्या कागदावर यायला कुणीतरी आत उठून बोलावं लागतं. आबांच्या कामाची थोरवी मला पटते, आणि हेही खुपतं. दोन्ही एकाच वेळी. झिरो माइलजवळ आता गोवारी स्मारक आहे. नागपूरला गेलो तर तुला ते दाखवायचं आहे, इतर कुठल्याही इमारतीआधी.

तू शाळेबरोबर क्वीन्स पार्कला, म्हणजे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या विधानसभेत, जाऊन आलास, ती गुलाबी दगडांची इमारत तुला आवडली. तिथेही सगळे जण एकमेकांशी न बोलता स्पीकरशी बोलतात, असं तूच मला सांगितलंस. आमच्याकडे जुन्या काळी भाषणाची सुरुवात ‘अध्यक्ष महाराज’ अशी व्हायची. समोरच्यावर कितीही राग असला तरी तोंड अध्यक्षांकडे करूनच बोलायचं. तिथेही एकमेकांवर आवाज चढवणारे होते आणि कोपऱ्यात शांतपणे लिहिणारी माणसं होती, हेही तुझ्याच तोंडून ऐकलं. तुला त्या माणसांकडे बघून आबा आठवले नाहीत, आणि आठवायला हवे होते असं मी म्हणत नाही. ओंटारिओ तुझं आहे, तिथले १२४ आमदार तुझे आहेत, तिथे पूल वाहून गेला तर तू तिथेच विचारशील. महाराष्ट्राच्या सभागृहात मीदेखील आता फक्त बघणारा आहे.

मला इतकंच हवंय की आबांना तू हे स्वतः विचारावंस. मी सांगतो ते मुलाने पाहिलेलं, त्यांच्याकडे आतलं आहे. ते थोडं मोठ्याने बोलतात, कान कमी झालेत म्हणून. ते भांडण नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात आपण मुंबईला असू तेव्हा बहुतेक पावसाळी अधिवेशन चालू असेल. गॅलरीचा पास मिळतो का ते मी विचारून ठेवतो. यायचंच असं काही नाही, तुला नको असेल तर आई आणि तू समुद्रावर जा. आलास तर फोन बाहेर ठेवावा लागेल आणि पाय हलवता येणार नाहीत. कंटाळा आला तर मला खूण कर, आपण दोघं मध्येच उठून बाहेर येऊ. आबा मात्र प्रश्नोत्तराचा तास संपल्याशिवाय जागचे हलणार नाहीत, तेवढं धरून चल.

तुझा,
बाबा