आधी दगड वाजव

पोरी,

झिंबाब्वेला जाऊन दगडात कोरायला शिकायचं म्हणतेस. जरूर जा. पण "शोना (तिथला सगळ्यात मोठा लोकसमूह) शिल्पकार दगडातला आत्मा मोकळा करतात" हे वाक्य तू पत्रात तीनदा लिहिलं आहेस. तेवढं इथेच ठेवून जा.

ते खोटं आहे असं नाही. पूर्वजांचे आत्मे, मुतुपो म्हणजे कुळाचं देवक, हे तिथल्या जगण्यातच आहे, म्हणून शिल्पातही येतं. पण तू ज्यांची नावं घेतेस, ती माणसं दगडापाशी पोचली पोटापाण्याच्या वाटेवरून. जोराम मारिगा शेतीखात्यात होते. न्यांगाकडे रस्त्याचं काम चालू असताना त्यांना मऊ हिरवा दगड दिसला. निकोलस मुकोंबेरान्वा कितीतरी वर्षं पोलिसाची नोकरी सांभाळून कोरत होते. बर्नार्ड मातेमेरा ट्रॅक्टर चालवायचे. त्याच मातेमेरांना १९८६ साली आपल्या ललित कला अकादमीने दिल्लीच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात गौरवलं. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

तू जिथे राहणार आहेस ते गुरुवेजवळचं तेंगेनेंगे मुळात तंबाखूचं शेत. १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, देशावर व्यापारी निर्बंध आले, तंबाखू पडून राहू लागला. मालक टॉम ब्लोमफील्ड यांच्या जमिनीत सर्पेंटाइन हा कोरता येणारा दगड होता. १९६६ पासून तिथे लोक कोरू लागले. त्यांतले कितीतरी जण शोना नव्हतेच. मलावी, मोझांबिक, अंगोलाहून मजुरीला आलेले याओ, चेवा, म्बुंदा जमातींचे लोक होते. 'शोना शिल्प' हा बाजाराने मारलेला शिक्का. तिथे कुणालाही भेटलीस की आधी त्याचं गाव विचार.

आता कामाचं. मी तिथे तीन आठवडे होते. पहिल्याच दिवशी मला स्प्रिंगस्टोनचा एक सुरेख उभा तुकडा आवडला. हा काळा, कठीण सर्पेंटाइन. बाहेरून गंजासारखी तांबूस साल. शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने त्यावर हातोडीने दोनदा टकटक केलं आणि मान हलवली. आवाज बद्द होता. मी ऐकलं नाही. अकराव्या दिवशी, मान घडवताना, डोकं अख्खं निखळून मांडीवर आलं. आत जुनी चीर होती. म्हातारा काही बोलला नाही. दुसरा दगड आणून त्याने माझ्यासमोर ठेवला, वाजवला. तो घंटेसारखा खणखणला. 'दगडाचं ऐकणं' ते हे. आत्म्याबद्दल नंतर बोलू.

'माझे हात बारीक आहेत, मला झेपेल का' असं विचारतेस. तिथल्या शिल्पकार कॉलीन मादामोंबे यांचं काम नीट बघ. ऐसपैस, ठसकेबाज बायका, त्याच कठीण स्प्रिंगस्टोनमध्ये. चेहरा आणि हात आरशासारखे काळे, पण घागऱ्याला दगडाची ती तांबूस खरबरीत साल तशीच ठेवलेली. कुठे थांबायचं हे त्या बाईला कळत होतं. हे कळायला दंडात ताकद लागत नाही. अ‍ॅग्नेस न्यानहोंगोंचंही बघ, पण मादामोंबे आधी.

आणि घासायला कंटाळू नकोस. कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर, जाड ते बारीक. दगड हलका ओला असताना रंग दिसतो, सुकला की राखाडी होतो; तेव्हा राहिलेले ओरखडे शोधायचे. शेवटी दगड आगीने तापवून मेण लावतात आणि तो रंग कायमचा वर येतो. तापवताना घाई केलीस तर तडकेल. पहिल्यांदा मेण पिताना दगड काळा होतो ना, त्या क्षणी मला रडू आलं होतं.

एक गोष्ट मात्र हट्टाने सांगते. धूळ. अ‍ॅस्बेस्टॉस निघतं ते याच जातीच्या खडकातून, आणि तिथे बरेच जण नाक उघडं ठेवून ग्राइंडर चालवतात. त्यांचं बघून तू तसं करू नकोस. चांगले, फिल्टरचे मास्क इथूनच घेऊन जा. चार-पाच जास्तीचे घे, शेजारी बसणाऱ्यांना देता येतील.

तुझी,
बाई