ॲम्ब्युलन्स की शववाहिका?

प्रश्न: जुन्या अमेरिकन कॅडिलॅकचा फोटो पाहिला, लांबलचक गाडी, छतावर लाल दिवा, पण खिडक्यांना पडदे. ही ॲम्ब्युलन्स की शववाहिका, कसं ओळखायचं?

उत्तर: बहुतेक दोन्ही! तिकडे १९७० च्या दशकापर्यंत बऱ्याच गावांत अंत्यविधीवालेच ॲम्ब्युलन्स चालवायचे, कारण आडवं झोपवून न्यायला जमेल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची, मग एकाच गाडीत दोन्ही कामं, तिला म्हणायचे कॉम्बिनेशन कार. दिवा काढता यायचा, आणि आतली खरी गंमत म्हणजे मागच्या फ्लोअरमधले शवपेटी सरकवायचे रोलर, ते उलटे केले की सपाट फ्लोअर तयार, शिवाय सोबतच्या माणसासाठी फोल्डिंग सीट. त्यामुळे आतला फोटो मिळाला तर आधी फ्लोअर बघा. मला तर हे डिझाइन जाम आवडतं.

नुसत्या शववाहिकेच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा इंग्रजी एस सारखी क्रोमची पट्टी असते, लँडाऊ बार, निव्वळ शोभेची, जुन्या घोडागाडीच्या फोल्डिंग टपाची आठवण म्हणून. पण सगळ्यांवर नसते हां, मोठ्या काचावाल्या लिमोझिन स्टाइलच्याही असायच्या.

आणि नुसतं 'कॅडिलॅक' म्हणून थांबू नका, कॅडिलॅक फक्त लांब चासी (गाडीचा खालचा सांगाडा) द्यायची, बॉडी बांधायच्या मिलर-मीटिअर, सुपीरिअर वगैरे कंपन्या, त्यामुळे बिल्डरची प्लेट शोधा. १९७४ मध्ये ॲम्ब्युलन्ससाठी नवे सरकारी स्पेसिफिकेशन आले, मग व्हॅन आणि ट्रकवाल्या आल्या नि या गाड्या मागे पडल्या.