पगार 12 लाखांच्या आसपास आहे आणि शेतीही आहे, तर आयकर रिटर्न कोणतं भरायचं?

प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातले एक शिक्षक विचारतात की, वर्षाचा पगार 12 लाखांच्या आसपास, स्वतःच्या नावावर सहा एकर बागायत, त्यात ऊस आणि सोयाबीन. 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही आणि शेती करमुक्त, मग आयटीआर-1 (पगारदारांचा सगळ्यात साधा रिटर्न फॉर्म) भरून मोकळं व्हावं का?

नाही सर. तुम्हाला आयटीआर-2 लागेल, आणि टॅक्सही निघू शकतो. मराठवाड्यात नोकरी सांभाळून शेती करणारे असंख्य आहेत आणि नेमकं हेच त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून आकडे मांडून सांगतो.

शेतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-1 बाद. शेती करमुक्त आहे हे खरंच, पण बाकीच्या उत्पन्नावर कोणता दर लागणार हे ठरवताना ती हिशोबात धरतात.

आर्थिक वर्ष 2025-26, नवी करप्रणाली. समजा पगार 12,05,000. त्यातून 75,000 प्रमाणित वजावट गेली, उरले 11,30,000. एफडीचं व्याज 20,000 मिळवलं की करपात्र उत्पन्न 11,50,000. शेतीचं निव्वळ 3,00,000 धरू. आता दोन्हींची बेरीज 14,50,000, त्यावर कर 97,500. मग शेतीचे 3 लाख आणि सूट मर्यादेचे 4 लाख, अशा 7 लाखांवरचा कर 15,000. वजा केले की 82,500. कलम 87ए ची सूट, म्हणजे जिच्यामुळे 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य होतो ती, तुम्हाला मिळते, कारण ती बघताना शेती मोजत नाहीत. पण ती जास्तीत जास्त 60,000 आहे. राहिले 22,500, त्यावर 4 टक्के उपकर 900. एकूण 23,400. शेती नसती तर हाच कर शून्य आला असता.

म्हणून शेतीचा निव्वळ आकडा प्रामाणिकपणे आणि कागदानिशी काढणं हेच यातलं खरं काम. कारखान्याचं ऊसबिल, मोंढ्यातल्या आडत्याची पट्टी, ही झाली जमा. खर्चात बियाणं, खत, फवारणी, मजुरी, सालगड्याचा पगार, मळणी, मोटारीचं वीजबिल. कारखान्यानं तोडणी-वाहतूक आधीच कापली असेल तर ती पुन्हा खर्चात धरू नका. अशी दुबार वजावट सहज होऊन जाते. घरचे लोक शेतात राबतात, पण न दिलेली मजुरी खर्चात येत नाही. खताच्या दुकानाची पावती हातोहात मागून घ्या, वर्षाअखेरीला ती सापडत नाही.

जमीन बटईनं किंवा ठोक्यानं दिली असली तरी तुमच्या वाट्याला येतं ते शेतीचंच उत्पन्न. सातबारा आणि उत्पन्न दोन्ही वडिलांचं असेल तर ते तुमच्या रिटर्नमध्ये येणार नाही. दुधाचे पैसे किंवा ट्रॅक्टरचं भाडं मात्र शेती नव्हे, तो धंदा. तसं काही असेल तर आयटीआर-2 चालत नाही, आयटीआर-3 भरावं लागतं.

भरायला बसण्याआधी फॉर्म 16, फॉर्म 26एएस (तुमच्या नावे जमा टीडीएसची नोंद) आणि एआयएस (खात्याकडचं वार्षिक माहिती विवरण) समोर ठेवा. एआयएसमध्ये नाही म्हणून व्याज सोडू नका. पतसंस्थेच्या ठेवीचं व्याज तिथं दिसेलच असं नाही, ते पासबुकवरून घ्या. पोर्टलवर शेड्यूल निवडताना ईआय (करमुक्त उत्पन्न) वर खूण करा. तिथं शेतीची एकूण जमा आणि खर्च वेगवेगळे टाकायचे असतात. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो: लोक शेतीचा आकडा 'इतर करमुक्त उत्पन्न' या रकान्यात टाकतात. मग दरासाठी तो धरला जात नाही, कर कमी दिसतो आणि पुढे नोटीस येते. भरून झाल्यावर पार्ट बी-टीआय (एकूण उत्पन्नाचा हिशोब) उघडून दरासाठीच्या शेती उत्पन्नाच्या ओळीत आकडा आलाय का ते डोळ्यांनी बघा. निव्वळ शेती 5 लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, बागायत की कोरडवाहू हेही लागतं. क्षेत्र एकरात मागतात आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, हेक्टरला 2.47 नं गुणा.

शाळेकडून टीडीएस कापताना शेती धरलेली नसते, त्यामुळे फरक तुम्हालाच भरायचा. पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समध्ये सेल्फ असेसमेंट, म्हणजे कोड 300, आणि आकारणी वर्ष 2026-27 निवडा. इथं सावध राहा. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात 'कर वर्ष 2026-27' आहे आणि ते वेगळं वर्ष आहे. चलन तिकडे गेलं तर या रिटर्नमध्ये भरलेले पैसे दिसणार नाहीत. चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलन क्रमांक आणि तारीख रिटर्नमधल्या नोंदीशी जुळवून घ्या.

टीडीएस जाऊन 10,000 किंवा जास्त कर उरत असेल तर तो आगाऊ भरायला हवा होता, म्हणून एप्रिलपासून दरमहा 1 टक्का व्याज लागतं. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं व्याज वेगळं. पुढच्या वर्षी उसाचं बिल खात्यावर आलं की हिशोब करा आणि 15 मार्चच्या आत भरून टाका.

गृहकर्ज, घरभाडं मोठं असेल तर जुन्या प्रणालीनंही एकदा काढून बघा. पगारदाराला ती रिटर्नमध्येच निवडता येते, पण मुदतीच्या आत, म्हणजे 31 जुलैपर्यंत. त्यानंतर 31 डिसेंबरपर्यंत रिटर्न भरता येतं, पण तुमच्या उत्पन्नाला 5,000 विलंब शुल्क आणि जुनी प्रणाली बंद.

सबमिट केल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर आधी तो आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.