पळत येणाऱ्या कुत्र्याचे फोटो धूसर येतात. ऑटोफोकसचं कोणतं सेटिंग ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की बसलेल्या कुत्र्याचे फोटो झकास येतात, पण तो तुमच्या दिशेने पळत सुटला की विसातला एखादाच जमतो. शिवाय मेन्यूत ऑटोफोकसची इतकी पानं आहेत की कशाला हात लावावा ते समजत नाही.

मेन्यू तूर्त राहू द्या. बिघडलेला एक फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करा आणि कुत्र्याऐवजी त्याच्या पायाखालचं गवत बघा. कुत्र्याच्या मागे कुठेतरी गवताचा एक पट्टा काडी न् काडी मोजता येईल इतका स्पष्ट दिसला, तर फोकस तिथे राहिला आणि कुत्रा पुढे निघून आला. हे दुखणं ऑटोफोकसचं. पण तो पट्टा बरोबर कुत्र्याच्या पायाशी आहे आणि तरी पंजे, कान पुसल्यासारखे दिसतायत, तर शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून बंद होतं तो वेग) कमी पडला. मग ऑटोफोकसमध्ये कितीही खटपट केली तरी फरक पडणार नाही. पळणाऱ्या कुत्र्यासाठी मी १/१००० सेकंदाहून संथ शटर ठेवत नाही, उजेड असेल तर १/२०००. आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडतो. फोटोत थोडे दाणे आले तर येऊ देत.

आता फोकस मागे का राहतो ते बघा. ताशी ३० किलोमीटरने पळणारा कुत्रा सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापतो. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर बटण दाबल्यावर आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला असं धरा. तेवढ्यात कुत्रा ४० सेंटिमीटर पुढे आलेला असतो. आणि फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ २.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं), कुत्रा दहा मीटरवर, अशा वेळी पुढचं-मागचं मिळून स्पष्ट दिसणारी खोली असते साधारण ४० सेंटिमीटरच. म्हणजे फोकस अचूक लागला होता, फक्त कुत्रा आता तिथे नाही. अ‍ॅपर्चर एफ ५.६ केलंत, म्हणजे छिद्र लहान केलंत, की हीच खोली जवळपास दुप्पट होते. सुरुवातीला तेवढी सवलत स्वतःला जरूर द्या.

यावर कॅमेऱ्याकडे उपाय एकच, कुत्रा पुढच्या क्षणी कुठे असेल त्याचा अंदाज बांधणं. तो अंदाज फक्त कंटिन्युअस मोडमध्ये बांधला जातो. निकॉन आणि सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्व्हो, त्यांच्या नव्या मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) नुसतं सर्व्हो. सिंगल मोड एकदा फोकस लावतो आणि थांबतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्यातच आहात असं वाटतं, कारण ‘बीप होतं तरी फोटो धूसर’ असं तुम्ही म्हणता. कंटिन्युअसमध्ये सहसा बीप होतच नाही, आणि त्यामुळेच अनेकांना फोकस लागत नाहीये असं वाटून ते परत सिंगलवर येतात. एएफ-ए किंवा एआय फोकस असा एक मधला मोडही असतो, त्यात विषय हलतोय की नाही हे कॅमेराच ठरवतो. मी तो वापरत नाही. नेमका नको तेव्हा उशिरा जागा होतो.

अंदाज बांधायला कॅमेऱ्याला आधीची थोडी हालचाल बघावी लागते, हे मात्र मेन्यूत कुठे लिहिलेलं नसतं. कुत्रा हवा तिथे आला की खटकन बटण दाबायचं, असं केलंत तर पहिले दोन-तीन फोटो वाया जाणार. तो लांब असतानाच बटण अर्धं दाबून धरा, फोकसची चौकट त्याच्या तोंडावर ठेवत कॅमेरा फिरवत राहा आणि मग बर्स्ट सोडा, म्हणजे सलग फोटो काढा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

फोकसचा एरिया, म्हणजे फोटोच्या कुठल्या भागात कॅमेऱ्याने फोकस शोधायचा, कुठला घ्यायचा? कॅमेऱ्यात प्राण्यांचे डोळे ओळखायची सोय असेल तर एरिया मोठा ठेवा आणि ओळखीच्या यादीत ‘माणूस’ बदलून ‘प्राणी’ करा, हे बऱ्याच जणांचं राहून जातं. डोळ्यांवर केस आलेला काळाभोर कुत्रा असेल तर तिथेही कॅमेरा गडबडतो. जुन्या डीएसएलआरवर सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले तर तो बहुधा सर्वात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे पुढचं गवत. एकच पॉइंट पळत्या कुत्र्यावर टिकवणं हाताला जड जातं. म्हणून मधल्या पॉइंटभोवतीचा छोटा गट घ्या.

ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटीला शक्यतो हात लावू नका. वाढवली की फोकस वेगाने लागेल असा समज आहे, पण तिचा अर्थ वेगळा आहे. मध्येच झाड किंवा माणूस आडवा आला तर कॅमेऱ्याने कुत्र्याला किती वेळ धरून ठेवायचं, तेवढंच ती ठरवते. गंमत म्हणजे सोनीत ५ म्हणजे चटकन उडी मारणारा, तर निकॉनमध्ये ५ म्हणजे चिकटून राहणारा. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगितला की घोळ झालाच. मधला आकडा राहू द्या. बॅक बटण फोकस (शटरच्या बटणाऐवजी मागच्या बटणाने फोकस लावणं) सोयीचं आहे, मीही वापरतो, पण त्याने अचूकता वाढते असं नाही.

हे सगळं माहीत असूनही मी एकदा रिले शर्यतीत तोंडावर पडलोय. आधी संघाचा उभा ग्रुप फोटो काढला, सिंगल मोडवर, आणि तसाच ट्रॅककडे पळालो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत ट्रॅकवरच्या पांढऱ्या रेघा सुरीसारख्या आणि धावपटू सगळे धुक्यात. तेव्हापासून कंटिन्युअस, १/१००० आणि छोटा गट हे सगळं मोड डायलवरच्या सी१ मध्ये, म्हणजे स्वतःची सेटिंग्ज ठेवायच्या जागेत, साठवून ठेवलंय.

सराव करताना कुत्र्याला आधी तुमच्या समोरून आडवा पळवा. त्यात अंतर फारसं बदलत नाही, लगेच बरे फोटो मिळतील. मग तिरका, आणि सरळ अंगावर सगळ्यात शेवटी. वेग तोच असला तरी तो जितका जवळ येतो तितकी लेन्सला जास्त धावपळ करावी लागते. शेवटच्या तीन मीटरमध्ये माझा कॅमेरा हार मानतो, तिथे मी बटण सोडतो आणि लेन्सची काच जिभेपासून वाचवतो.