आजीच्या कॅसेट्स आणि गिरगावचा रविवार

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आजीच्या कपाटात सापडलेल्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या, असं विचारलंस. त्यातली बरीच गाणी नेटवर मिळतात, मग एवढी खटपट कशाला, असंही खाली लिहिलंस. पहिला प्रश्न सोपा आहे, दुसरा महत्त्वाचा. म्हणून आधी दुसरा.

गाणं नेटवर मिळतं, हे खरं. पण रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आजीनं जे टेप केलं, त्यात गाण्याच्या जोडीला निवेदकाचा आवाज असेल, बटण उशिरा दाबल्यामुळे हुकलेला मुखडा असेल, मागे कुकरची शिट्टी असेल, कदाचित तुझ्या बाबांचा शाळकरी आवाजही असेल. त्याची दुसरी प्रत जगात कुणाकडेही नाही. आणि मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. टेपवर पांढुरके डाग दिसले तर ती कॅसेट बाजूला काढ, लावूच नकोस. तीच बुरशी प्लेअरमधून पुढच्या कॅसेटला लागते.

आता कृती. प्लेअरचं हेड, म्हणजे टेपला टेकणारा धातूचा भाग, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून वाळू दे. कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची पाकळी शाबूत असेल तर मोडून टाक, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घे. तुझ्या लॅपटॉपला लाइन-इन, म्हणजे प्लेअरची वायर जोडून आवाज आत घ्यायची जागा, नसेल, तर लॅमिंग्टन रोडवर छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळेल, तेवढं पुरे. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेव आणि फाइल वेव्ह (WAV) प्रकारची. मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला जवळपास एक जीबी. आवाजाची पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेव. खरखर काढायची घाई नको. मूळ फाइल जशीच्या तशी जपायची आणि जे काय साफ करायचं ते तिच्या प्रतीवर. फोनसाठी एमपीथ्री नंतर बनवता येईल.

९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, ती पळवता येत नाहीत. माझ्या मते यातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. मशीन लावून बाहेर जाऊ नकोस, आजीला शेजारी बसव. तुझा फोन रेकॉर्डिंगला लावून तिच्याजवळ ठेव. 'हे कधी टेप केलंस?' एवढंच विचार आणि गप्प राहा. ती गाण्याबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त बोलेल. बोलू दे. तुझी पिढी शोधण्यात फार हुशार आहे, आम्हाला आयुष्यभर न मिळालेल्या मैफली तुम्ही दोन मिनिटांत काढता. पण सापडलेलं कुणासोबत तरी पूर्ण ऐकणं राहून जातं, त्याची मला मनापासून काळजी वाटते.

घरच्या ग्रुपवर तू एका दमात सात-आठ लिंक टाकतेस, त्या कुणीच उघडत नाही. एकच टाक, आणि का ऐकायची ते एका ओळीत लिही. सुरुवात शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांच्या भैरवीनं कर, 'जात कहाँ हो'. जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. नासानं १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर भारतातलं संगीत म्हणून हीच एक भैरवी आहे. व्हॉयेजर-१ त्या वर्षी ५ सप्टेंबरला सुटलं, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे आजीला सांग आणि मग ऐकव. फोनच्या स्पीकरवर नको, बाबांचा मोठा स्पीकर घे. तो आवाज भरदार आहे, फोनवर त्याचा जीव जातो.

मग एका रविवारी सगळ्यांनी गिरगावात जा. लोकलचा ब्लॉक आहे का ते आदल्या रात्री बघून ठेव. चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाउसपर्यंत सावकाश चालायचं. त्या नाट्यगृहाचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जनं केलं. पुढे ते कित्येक वर्षं बंद होतं, २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. त्याच भागात प्रा. बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय, जिथे लहानगे कुमार गंधर्व शिकायला आले. जवळच लक्ष्मीबाग, जिथे बड्या गवयांच्या मैफली व्हायच्या. आजीच्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच बघा, एखादी जागा राहिली तर राहू दे. इयरफोन घरी ठेव. रस्ता तिला दाखवू दे, मॅप तू उघडू नकोस. ती चुकीच्या गल्लीत वळली तरी तिच्यामागे जा, त्या गल्लीतही तिचं कुणीतरी राहत असेल. शेवटी चौपाटीवर बसा, भेळ खा. तिथे तू आजीला तुझ्या आवडीचं एक गाणं ऐकव. तुझं रॅपसुद्धा चालेल. तिनं तुझं ऐकायला हवं, तेवढंच तिचंही तू.

एक राहिलं. कॅसेटच्या कव्हरवर आजीनं पेनानं जे लिहिलंय त्याचे फोटो आधीच काढून ठेव, शाई उडत चालली असेल. फाइलच्या नावात गायकाबरोबर टेप कुणी केलं, कुठल्या घरात केलं, तेही लिही. नेटवरच्या जुन्या रेकॉर्डिंगांना नेमकी हीच माहिती नसते, रागाचं नावही कधीकधी चुकीचं असतं. प्रती दोन ठेव, एक तुझ्याकडे आणि एक आत्याकडे. आणि पहिली बाजू उतरली की मला पाठव, खरखरीसकट.

तुझा,
काका